डावीकडून येणारा माणूस

सुमेधाताई देवपुजारी चिडल्या की त्यांचा आवाज खाली उतरायचा आणि भाषा वर चढायची. एरवी "काय करून राहिली गं अनघा" असं आमच्यासारखंच बोलणारी ही बाई संतापली की "आपण", "कृपया" असे शब्द वापरायला लागायची. वणीच्या कोर्टात त्या एकतीस वर्षं स्टेनो होत्या. शेवटची सहा वर्षं मी त्यांच्या हाताखाली काढली. "कृपया" ऐकू आलं की माझी बोटं टाइप करता करता थांबायची. एकदा एका नावाजलेल्या वकिलांनी भर कोर्टात सांगितलं, मी असं बोललोच नव्हतो. ताईंनी पॅड उघडलं आणि त्यांचं वाक्य मधल्या खोकल्यासकट वाचून दाखवलं.

त्यांचे यजमान नंदकिशोरकाका भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक होते. वणी, मारेगाव, राळेगाव या तालुक्यांतली किती शेतं त्यांनी मोजली असतील, ते त्यांनाही सांगता यायचं नाही. बांधावरून चालत गेले की न मोजता अंतर सांगायचे. दुसरा नाद सिनेमाचा. टॉकीज बंद पडल्यावर घरात मोठा टीव्ही आला आणि काका रोज दुपारी त्याच्यासमोर. मग काचबिंदू निघाला. निघाला तेव्हा उजवा डोळा गेलेला होता. डावा दीड वर्षात गेला.

डोळे गेल्यावरही काका टीव्हीसमोर बसायचे. पण त्या पातळ टीव्हीचा आवाज मागच्या भिंतीवर आपटून यायचा, सगळी माणसं एकाच डब्यातून बोलल्यासारखी. काका विचारायचे, "कोण आलं? कुठं गेला तो?" ताई सांगायच्या, तो आता खोलीत आला, त्यानं बंदूक काढली, ती मागं सरकली. सांगता सांगता पुढचा संवाद बुडायचा. एका दुपारी काका वैतागले, "तू मधे बोलू नको, ऐकू दे." दोन मिनिटांनी पुन्हा, "कोण आलं?"

ताईंचा तोल गेला. "मी काय तुमच्या सिनेमाची स्टेनो आहे? रिटायर झाली मी!"

काकांनी चाचपडत रिमोट शोधला आणि टीव्ही बंद केला. त्यानंतर महिनाभर त्यांनी तो लावायला सांगितला नाही. गच्चीच्या जिन्याखाली खुर्ची टाकून नुसते बसून राहायचे. ताई मला म्हणाल्या, "भांडला असता तर बरं झालं असतं गं. हा माणूस माफ करून बसला. असा राग येतो की काय सांगू."

त्याच सुमारास नागपूरला त्यांच्या भाचीकडे, ऋचाकडे, बारसं होतं. ऋचाच्या नवऱ्यानं हॉलमध्ये पाच स्पीकर लावलेले, आणि टीव्हीखाली एक काळं, जाडजूड पेटीसारखं यंत्र. त्याला एव्ही रिसीव्हर म्हणतात, हे ताईंना त्या दिवशी कळलं. सिनेमातला कोणता आवाज कोणत्या स्पीकरकडे पाठवायचा, ते हे यंत्र ठरवतं. जेवणं झाल्यावर पोरांनी कुठलासा सिनेमा लावला. काका कोपऱ्यात मान खाली घालून बसलेले. अचानक त्यांनी मान वर केली, बोट उजवीकडं केलं आणि म्हणाले, "दार तिकडं आहे. तो बाहेरून आला. आता टेबलाला वळसा घालून राहिला." थोड्या वेळानं मागं वळून म्हणाले, "पाऊस मागच्या खिडकीवर आहे."

ताईंनी पडद्याकडं पाहिलं. काका एकूण एक बरोबर सांगत होते.

वणीला परतल्यावर त्यांनी हैदराबादला मुलाला, मंदारला, फोन केला. मी समोरच बसले होते. स्पीकर चालू होता म्हणून मला सगळं ऐकू आलं.

"आई, बाबांना दिसत नाही, तर होम थिएटर कशाला? त्यापेक्षा चांगला रेडिओ घेऊन देतो. गाणी ऐकतील."

"डोळे गेलेत त्यांचे. कान नाही गेले."

"तसं नाही गं. ती भानगड तुम्हाला दोघांना झेपणार नाही. दहा वायरी, शंभर सेटिंगं. मी साउंडबार पाठवतो. एकच पट्टी असते, टीव्हीखाली ठेवायची, झालं."

"पट्टीतून मागचा पाऊस ऐकू येतो काय?"

"आता या वयात मागचा पाऊस..."

"मंदार," ताईंचा आवाज खाली गेला, "कृपया फोन ठेव."

साउंडबार तरीही चौथ्या दिवशी दारात आला. ताईंनी पार्सलवाल्याला पाणी दिलं, चहा विचारला आणि खोकं न फोडता परत पाठवलं.

मग त्यांनी अभ्यास सुरू केला. कोर्टासमोरच्या झेरॉक्सवाल्याकडून तीन कंपन्यांच्या रिसीव्हरची माहितीपुस्तकं छापून घेतली. रोज सकाळी लाल पेन्सिल घेऊन बसायच्या. सव्वादोनशे पानांचं एक पुस्तक त्यांनी तेरा दिवसांत संपवलं. त्यातून त्यांना कळलं ते असं: चौदा बाय अकराच्या खोलीला पाच स्पीकर आणि सबवूफर नावाचा एक घुमणारा डबा पुष्कळ होतो, नऊ-अकराच्या नादी लागायचं कारण नाही. बोलणं स्वच्छ यायचं असेल तर टीव्हीखालचा मधला स्पीकर सगळ्यांत महत्त्वाचा, कारण संवाद बहुतेक तिथूनच येतात. टीव्हीचा आवाज रिसीव्हरमध्ये यायला ठराविक खाचेतच केबल लावावी लागते. आणि शेवटचा मुद्दा कुठल्याच पुस्तकात नव्हता, ताईंनी स्वतः काढला होता: ज्याला दिसत नाही त्याला हे यंत्र एकट्यानं चालवता आलं पाहिजे. म्हणजे काचेसारखं गुळगुळीत तोंड नको. बोटाला लागणारी बटणं पाहिजेत.

यवतमाळच्या दुकानात मी त्यांच्यासोबत गेले. भाड्याची गाडी केली होती. ड्रायव्हर रामलाल नावाचा मध्यमवयाचा गृहस्थ होता. काकांचा हात धरून तो आत आला. दुकानदारानं आमच्याकडं एक नजर टाकली आणि थेट रामलालकडं वळला.

"या साहेब. हे पहा, नऊ चॅनेलचं, म्हणजे नऊ स्पीकरचं मॉडेल. छतातही स्पीकर लागतात. आवाज असा की शेजारचे उठून बसतील."

रामलाल गोंधळला. "मले काय सांगून राह्यले भाऊ? मी डायवर आहो. बाईले सांगा."

दुकानदार हसला. "मॅडम, हे जरा टेक्निकल असतं. घरात कोणी जेन्ट्स असतील तर त्यांच्याशी बोललो असतो."

"जेन्ट्स हे उभे आहेत," ताई म्हणाल्या. काकांनी गॉगल नीट केला.

दुकानदारानं आवाज खाली केला, पण इतका नाही की काकांना ऐकू येऊ नये. "यांना दिसत नाही का? मग कशाला एवढं महागाचं? यांना कोणतंही चालेल."

मी ताईंकडं पाहिलं. त्यांनी पर्समधून पॅड काढलं, पेन्सिल काढली. काउंटरवर कोपर टेकवलं.

"आपण आता जे बोललात ते कृपया पुन्हा एकदा बोला. मी लिहून घेते."

"अहो मॅडम, मी सहज..."

"'यांना कोणतंही चालेल.' हे लिहिलं. पुढं. या यंत्रावर जे वॅट लिहिले आहेत, ते किती चॅनेल एका वेळी चालवून मोजलेले आहेत?"

दुकानदार खोक्याकडं पाहायला लागला. "एवढं कोणी विचारत नाही, मॅडम."

"'एवढं कोणी विचारत नाही.' लिहिलं. मी विचारून राहिली आहे. एक चॅनेल चालवून मोजलेला आकडा आणि पाचही चालवून मोजलेला आकडा यांत पुष्कळ फरक असतो. आपल्याला माहीत नसेल तर माहीत नाही म्हणा, तेही लिहिते."

दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं होती, ती जवळ सरकली. रामलाल भिंतीवरचं घड्याळ पाहायला लागला. काका मात्र एव्हाना हात पुढं करून फळीवरच्या यंत्रांपाशी पोचले होते. एकेकाच्या तोंडावरून बोटं फिरवत होते. तिसऱ्याशी थांबले. त्याचं गोल बटण फिरवलं. ते फिरताना बारीक टिकटिक करत होतं.

"सुमे, हा," ते म्हणाले. "किती वाढवला ते बोटाला कळतं. आणि खाली चार बटणं वेगवेगळी आहेत."

ताईंनी मॉडेलचा नंबर वाचला. माहितीपुस्तकांवरून त्यांनी केलेल्या यादीतला दुसरा होता. पाच चॅनेलपेक्षा थोडा जास्त, दिखाऊ नाही. तोच घेतला. निघताना दुकानदार म्हणाला, "फिटिंगला आमचा माणूस येईल, काही टेन्शन घेऊ नका." ताईंनी तेही लिहून घेतलं.

माणूस आला तो संजय. पस्तिशीचा असेल, कानाला फोन चिकटलेला. त्यानं दीड तासात वायरी ओढल्या, मागचे दोन स्पीकर खिळ्यांवर टांगले, एक गाणं लावून दाखवलं आणि सामान आवरायला लागला.

"माइक लावून मोजमाप करायचं असतं," ताई म्हणाल्या. "पान एकोणचाळीस."

"ते काही लागत नाही, काकू. कोनीच नाही करत. मस्त वाजून राह्यलं ना?"

वाजत होतं. पण काका पहिल्या दिवसापासून बेचैन होते. "संवाद ठीक आहेत," ते म्हणाले, "पण डावीकडून कोणी चालत आला की मधे हरवतो. डावीकडं असतो, मग कुठंच नसतो, मग एकदम समोर. आणि गाण्यातला तबला पोकळ आहे, तळ नाही त्याला." ताईंनी डोळे मिटून ऐकलं. त्यांनाही तसंच वाटलं. त्यांनी दुकानात फोन केला. संजय चार वेळा "उद्या येतो" म्हणाला आणि पाचव्यांदा आला. खुर्चीवर टेकून दोन मिनिटं ऐकलं.

"मले तं बरोबर वाटून राह्यलं. काकू, राग नका मानू, पन वय झालं का कानाले असं होतेच. एकडाव डॉक्टरले दाखवून घ्या."

ताईंनी त्याचं वाक्य तारखेसकट पॅडवर लिहून घेतलं आणि त्याला जाऊ दिलं. तेच भयंकर होतं.

दुसऱ्याच दिवशी त्या खरोखर कानाच्या डॉक्टरकडं गेल्या. मला सोबत नेलं. काचेच्या खोलीत हेडफोन लावून बारीक बारीक आवाज ऐकले, बटण दाबलं. डॉक्टर म्हणाले, वयाच्या मानानं कान उत्तम आहेत, पन्नाशीच्या बाईचे शोभतील. मला वाटलं, ताई आता खूश होतील. त्या बाहेर बाकावर बसल्या आणि कागद हातात चुरगाळला.

"कान शाबूत आहेत माझे," त्या म्हणाल्या. "मग तेव्हा काहून नाही ऐकू आलं? लोकांचा खोकला लिहून घ्यायची मी. आणि घरात हा माणूस दोन वर्षं चौकटीला खांदा घासून जाऊन राहिला, पाण्याचा तांब्या पाडून राहिला, आणि मी म्हणायची, धांदरट आहात तुम्ही. बाजूचं दिसणं बंद झालं होतं त्यांचं. ते बोलले नाहीत, आणि मी ऐकलं नाही. डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले होते, वर्षभर आधी आणलं असतं तर डावा वाचला असता." मग म्हणाल्या, "त्या संजयचा मला राग येतो ना, त्यातला अर्धा त्याचा नाही."

त्यांनी तो चुरगाळलेला कागद मांडीवर सपाट केला, त्याचा फोटो काढला आणि दुकानदाराला पाठवला. तिकडून उत्तरादाखल एक अंगठा आला. तो अंगठा पाहून त्या उठल्याच.

"चल. आपणच करू."

रिसीव्हरच्या खोक्यात टोपीसारखा एक लहान माइक होता, पिशवीतून बाहेरही न काढलेला. तो बसायच्या जागी कानाच्या उंचीवर ठेवायचा असतो. यंत्र एकेका स्पीकरमधून चिवचिव असा आवाज काढतं, माइक तो ऐकतो, आणि कोणता स्पीकर किती लांब आहे, कोणाचा आवाज किती करायचा ते यंत्र ठरवतं. आम्ही कॅमेऱ्याच्या जुन्या तिकाटण्यावर माइक बसवला. पंखा बंद केला. काका पलंगावर श्वास रोखून बसले. पहिली चिवचिव झाली आणि पडद्यावर सूचना आली: खोलीत गोंगाट जास्त आहे. पुन्हा केलं. पुन्हा तेच.

गोंगाट बाहेर होता. घरासमोर कोळशाचा ट्रक उभा होता, इंजिन चालू, तावदानं थरथरत होती. ताई तशाच अनवाणी फाटकाबाहेर गेल्या. मी मागं धावले. ड्रायव्हर टायरला लाथा मारून हवा पाहत होता. दाराखाली त्याचं नाव रंगवलेलं होतं, पूनमसिंग.

"आपण कृपया इंजिन बंद करा."

"दोन मिनिटात निघतोच, मावशी."

"निघू नका. बंद करा. दहा मिनिटं. माझ्या नवऱ्याला दिसत नाही. आत एक यंत्र त्याच्यासाठी खोली मोजून राहिलं आहे, आणि तुमच्या ट्रकमुळं त्याला काही ऐकू येईना!" हे शेवटचं त्या ओरडल्या. इतक्या वर्षांत मी त्यांना ओरडताना पहिल्यांदा ऐकलं.

पूनमसिंग त्यांच्या अनवाणी पायांकडं पाहत राहिला. मग वर चढून त्यानं किल्ली फिरवली. खाली उतरून म्हणाला, "मांगून अजून दोन गाड्या येऊन राह्यल्या. त्याहिले वळणावरच थांबवतो. तुमी जा आत." आणि खांद्यावरचा दुपट्टा हातात घेऊन तो खरंच रस्त्याच्या मधोमध जाऊन उभा राहिला.

आत शांतता झाली. चिवचिव सुरू झाली. पुढचा डावा. मधला. पुढचा उजवा. मागचे दोन. घुमणारा डबा. पडद्यावर यादी आली आणि पहिल्याच ओळीसमोर खूण होती: पुढच्या डाव्या स्पीकरची वायर उलटी जोडलेली असू शकते, तपासा.

ताई गुडघ्यावर बसल्या, टॉर्च घेऊन यंत्राच्या मागं डोकं घातलं. मग आतूनच आवाज आला.

"लाल वायर काळ्या खाचेत."

म्हणजे एक स्पीकर पुढं ढकलत होता तेव्हा दुसरा मागं ओढत होता. दोघांच्या मधे आलेला आवाज त्यात मरत होता. डावीकडून निघालेला माणूस तिथंच हरवत होता. तीन आठवडे.

"माझे कान," ताई म्हणाल्या. वायर सोडवून त्यांनी लाल खाचेत घट्ट बसवली. "माझे कान खराब म्हणाला तो!"

पुन्हा मोजमाप केलं. या वेळी खूण नव्हती. मी अंतरं वाचली, "पुढचा डावा, दोन मीटर सत्तर."

"काय म्हणालीस?" काका पलंगावरून उठले. "हे अंतर मोजतं? आवाजानं?"

कोणाचाही हात न धरता ते माइकपाशी आले, तिथून डाव्या स्पीकरकडं तीन पावलं टाकली, मग वाकून दोन विती मोजल्या. "पावलं अडीच फुटाची. दोन सत्तर म्हणजे... चार सेंटीमीटर इकडंतिकडं. बरोबर मोजून राहिलं आहे." मग उजवा मोजला. "हा वीतभर लांब आहे. त्या संजयनं हेही वाकडं केलं. सुमे, टेबल सरकव." त्या दुपारी त्यांनी आम्हाला दोघींना अर्धा तास फर्निचर सरकवायला लावलं. बाहेर पूनमसिंग केव्हा निघून गेला ते कळलंच नाही. त्याला चहा द्यायचा राहिला म्हणून ताई मग त्याच्यावरही चिडल्या.

पुढं ताईंनी दुकानाला पत्र लिहिलं, तारीखवार, दुकानदाराच्या प्रत्येक वाक्यासकट. चौथ्या दिवशी संजय आला. दुकानदारानं पाठवला होता, माफी मागायला. ताईंनी त्याला माफी मागू दिली नाही. काकांच्या खुर्चीत बसवलं, डोळे मिटायला सांगितलं, आणि वायर मुद्दाम पुन्हा उलटी लावून एक प्रसंग ऐकवला.

"माणूस कुठं आहे?"

"डावीकडं... नाही... मंधात?" संजय अडखळला.

मग वायर सरळ करून तोच प्रसंग. संजयनं डोळे मिटूनच बोट डावीकडून उजवीकडं सावकाश नेलं. डोळे उघडल्यावर त्याचा चेहरा उतरलेला होता.

"मले कोनी शिकोलंच नाही, काकू. जोडून द्या, बिल घ्या, निंगा, एवढंच सांगतेत."

"आता शिकलास. किती घरं लावलीस?"

"चाळीसेक असतीन."

"मग चाळीस घरी जायचं. कृपया."

किती घरी गेला ते मला माहीत नाही. पण मारेगावला माझा मावसभाऊ राहतो, गोपाल. त्याच्याकडं तो न बोलावता आला होता, माइक घेऊन. गोपालला वाटलं, काहीतरी विकायला आला.

मंदार दिवाळीला आला तेव्हा मोबाइलवरून आवाज कमीजास्त करून दाखवायला लागला. काकांनी त्याला हात लावू दिला नाही. रिमोटच्या चार बटणांवर ताईंनी आगकाडीचे तुकडे चिकटवले आहेत, एकावर एक, दुसऱ्यावर दोन, असे. काका स्वतः टीव्ही लावतात, स्वतः सिनेमा लावतात, मॅच लागली की प्रेक्षकांचा आवाज मागच्या स्पीकरवर चढवतात. मंदार आईला म्हणाला, "मी चुकलो." ताई म्हणाल्या, "हो," आणि चिवडा त्याच्यापुढं सरकवला. त्याच्याहून जास्त काही त्याला मिळालं नाही.

परवा रविवारी मी गेले तर बाहेरच्या खोलीत आगगाडी धडधडत होती आणि ताई स्वयंपाकघराचं दार लावून आत बसल्या होत्या.

"तीन वाजल्यापासून तोच सिनेमा," त्या म्हणाल्या. "दुसऱ्यांदा! म्हणतात, पहिल्यांदा पुलाकडं लक्षच गेलं नव्हतं." त्यांनी दार किलकिलं करून ओरडून सांगितलं, "अहो, आवाज कमी करा!"

"पूल येऊन राहिला," बाहेरून उत्तर आलं. "थांब."